महाराज परत येण्याआधी

२६ जानेवारी

देवळाच्या मनोऱ्यातली, ईशान्येच्या कोपऱ्याची खालून दुसरी तुळई आणखी एक बोट खाली बसली आहे. दिवाळीपासून एकूण दोन बोटं. देवळाचं लाकूड-दगडकाम करणाऱ्या लछीराम थावीनं आज सकाळी मोजलं. माघात देवळाच्या अंगाला हत्यार लागू द्यायचं नसतं, म्हणून त्यानं समोर काठी रोवली, तिला ओळंबा टांगला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. मग जागा बदलून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. देवळाचा कारभार बघणारा कारदार जियालाल आणि मी शेजारी उभे होतो.

लछीराम म्हणाला, "वरच्या तीन मजल्यांचं वजन त्या कोपऱ्यात उतरतंय. तुळई आतून गेली आहे."

"गेली म्हणजे किती?" मी विचारलं.

"दार उघडल्याशिवाय कसं सांगू? मी थावी आहे, एक्स-रे नाही."

दार उघडणार बारा फेब्रुवारीला. संक्रांतीला महाराज, म्हणजे आमचे ग्रामदेव, स्वर्गात गेले, ते फाल्गुनाच्या संक्रांतीला परततात. तोवर आमच्या कंडारू गावात देवळाचं दार बंद, घंटा मुकी, ढोल-नगारे खुंटीला. परतण्याच्या दिवशी चार गावांतली चारशेएक माणसं अंगणात असतात, आणि निम्मी त्याच कोपऱ्याखाली, कारण ऊन तिथं पडतं.

सतरा दिवस आहेत. लछीरामच्या म्हणण्यानं काम तीन दिवसांचं. पण मनोरा संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय त्यातली खुंटीही बदलता येत नाही. मी दोघांना सांगितलं, परवानगीचं माझ्यावर सोडा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सिमल्याच्या पेपरात मीच सात लेख लिहिले, म्हणून हा मनोरा राज्याच्या यादीत आला. पुरातत्त्व खात्यात अजून माझं नाव निघतं.

जियालाल माझा मेहुणा आहे. त्याला या जागी नवं, मोठं देऊळ हवं होतं. त्याचा अर्ज दोनदा नामंजूर झाला, आणि दोन्ही वेळा मी विरोधात लिहिलं होतं.

२७ जानेवारी

खात्यातल्या ब्रागटा मॅडमशी फोनवर बोललो. तरुण आहेत, रोहडूच्या बाजूच्या, त्यामुळे मनोरा कसा उभा असतो ते समजावून सांगावं लागलं नाही. एक थर लाकडाचा, एक दगडाचा, मध्ये चुना नाही, माती नाही.

"समितीची बैठक वीस फेब्रुवारीला आहे," त्या म्हणाल्या.

"आमचे महाराज बाराला येतात."

"झिंटाजी, मी महाराजांना थांबा म्हणू शकत नाही आणि समितीला लवकर या म्हणू शकत नाही. फोटो पाठवा, मापं पाठवा. आणि कुणाला हात लावू देऊ नका. गुन्हा दाखल होतो."

मापं आणि अकरा फोटो पाठवले. सविस्तर टिपणही जोडलं. टिपण चांगलं उतरलं आहे.

२९ जानेवारी

काल दुपारपासून बर्फ. मनोऱ्याच्या दगडी पाट्यांच्या छपरावर दीड हात तरी असेल. एरवी चार जण वर चढून फावड्यानं उतरवतात. माघात चढत नाहीत. लछीराम अंगणाच्या कडेला उभा राहून वर बघत होता.

"माझ्या बापाच्या वेळी माघातही उतरवायचे," तो म्हणाला. "फक्त फावडी लाकडाची असायची."

मी जियालालला विचारलं. तो म्हणाला, "म्हातारे सांगतात खरं. पण आता वर माणूस चढवायचा तर त्या कोपऱ्यावर त्याचं वजन येणार. मी नाही चढवणार, जिजाजी."

सबब बरी शोधली आहे.

घरी बायकोला, सत्याला म्हटलं, तुझ्या भावाला मनोरा पडला तर वाईट वाटणार नाही. ती वाफवायच्या सिड्डू रोट्यांचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय? दिसतंय की."

"तुम्हाला नेहमीच दिसतं," ती म्हणाली.

३० जानेवारी

जियालालच्या खळ्यात निळ्या ताडपत्रीखाली देवदाराचे तीन ओंडके आहेत. वाऱ्यानं एक कोपरा उडाला म्हणून आज दिसले. जुने, वाळलेले, चारी बाजूंनी तासलेले. म्हणजे नव्या देवळाचं लाकूड आधीपासून तयार आहे. मनोरा पडायची तेवढी वाट.

शिवाय त्यानं वाजंत्र्यांची बाकं ईशान्येकडून उचलून पश्चिमेच्या भिंतीशी नेली आहेत, आणि कोपऱ्याखाली सफरचंदाच्या छाटणीच्या काटक्यांचा ढीग टाकला आहे. कंबरेइतका. संरक्षित स्मारकाशेजारी कचरा टाकायला बंदी असल्याचा फलक ढिगाच्या बरोबर वर लटकतोय. मी जियालालला फलक दाखवला.

"वाचता येतं मला," तो म्हणाला, "पण तो ढीग तिथंच राहील."

मॅडमना कळवावं का, या विचारात आहे. घरचं भांडण खात्यात नेणं बरं दिसत नाही.

३१ जानेवारी

लछीरामनं आज जोत्याच्या कडेचा सिमेंटचा एक टवका नुसत्या अंगठ्यानं उचकटला. मागून काळा भुसा गळला, ओल्या चहापत्तीसारखा. त्यानं तो तळहातावर घेऊन हुंगला.

"हे सिमेंट कुणी भरायला लावलं?"

"खात्यानं. पंधरा वर्षांपूर्वी जोत्याची दुरुस्ती झाली तेव्हा."

"खात्याला कसं कळलं की इथल्या दगडांत फटी आहेत?"

"फटी काय, कुणालाही दिसतात."

"दिसतात," तो म्हणाला. "तीनशे वर्षं दिसत होत्या. त्यातूनच तर पाणी बाहेर जायचं." मग माझ्याकडे बघून हसला. "कुणीतरी पत्र लिहिलं असेल खात्याला. अक्षर चांगलं असलेल्या माणसानं."

लछीरामची ही टोमणे मारायची सवय जुनीच. मी लक्ष दिलं नाही.

३ फेब्रुवारी

मॅडमना स्मारकाचा पूर्वेतिहास हवा होता, म्हणून कात्रणांची ट्रंक उघडली. सातही लेख सापडले. त्यांच्याखाली माझ्या पत्राची कार्बन प्रत सापडली. खात्याला लिहिलेलं, पंधरा वर्षांपूर्वीचं. त्यातली दोन वाक्यं इथं उतरवून ठेवतो.

'जोत्याच्या दगडांमध्ये मोठ्या फटी पडल्या असून त्यांत उंदीर व साप राहतात. सदर फटी सिमेंटने बुजवून या अमूल्य वारशाला बळकटी द्यावी, ही नम्र विनंती.'

खाली माझी सही. दुरुस्तीनंतर फीत कापायला मला बोलावलं होतं, त्याचा फोटोही आहे. फोटोत लछीराम मागच्या रांगेत आहे. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, तो जोत्याकडे.

चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या. कुठल्याही बातमीत पहिली गोष्ट विचारायची ती ज्याचं काम आहे त्या माणसाला, हे नव्या मुलांना मी शिकवत होतो. त्या वेळी लछीरामला विचारलं नव्हतं. तो बोलेल असं वाटलंच नाही.

सत्याला पत्र दाखवलं. वाचून तिनं ते नीट घडी करून परत दिलं. म्हणाली, "जेवून घ्या."

४ फेब्रुवारी

छपराची एक दगडी पाटी निसटून पडली. काटक्यांच्या ढिगात पडली. ढीग नसता तर पायवाटेवर, शाळा सुटायच्या वेळेला.

ढीग कशासाठी आहे ते आता समजलं. बाकं कशासाठी हलवली तेही.

५ फेब्रुवारी

एकूण तीन बोटं. लछीराम, सकाळी नऊ. दाराची चौकट एका बाजूला झुकली आहे. बंद दाराच्या वरच्या कोपऱ्यात तीन बोटांची फट दिसते, खालच्या कोपऱ्यात अजिबात नाही. लछीराम म्हणतो, ताजा बर्फ पडला नाही तर बारापर्यंत टिकेल. पडला तर सांगता येत नाही. बाराला ढोल वाजले आणि चारशे माणसं नाचली, तर सांगता येतं.

मॅडमची गाडी आज यायची होती. नारकंड्याच्या पुढे रस्ता बंद. फोनवर म्हणाल्या, "टेकू लावा तात्पुरता."

"टेकू आतून लावावा लागेल. दार बंद आहे."

"मग उघडा."

"महाराज नाहीत."

त्या म्हणाल्या, "माझ्या गावातही हेच आहे. मला समजतं. पण मी काय लिहून देऊ, तुम्हीच सांगा."

६ फेब्रुवारी

अंगणाबाहेर, अक्रोडाखाली बैठक झाली. दोन तास.

प्रश्न एकच होता. माघात दार उघडायचं तर महाराजांची आज्ञा हवी. आज्ञा मिळते धनसुख गूरच्या तोंडून, त्याच्या अंगात महाराज आले की. पण महाराज स्वर्गात आहेत.

सगळे धनसुखकडे बघायला लागले. त्यानं हात वर केले. "माझ्याकडे बघू नका. माघात मी कोण? माघात मी सफरचंदवाला. काही बोललो तर ते माझंच बोलणं असेल, आणि माझं तर घरातही कुणी ऐकत नाही."

"म्हणजे एक साहेब स्वर्गात आणि दुसरे सिमल्यात," लछीराम म्हणाला. "दोघंही रजेवर. आणि तुळई एकटी ड्यूटीवर."

हसू आलं, पण फारसं कुणी हसलं नाही. नेगींचा म्हातारा म्हणाला, माघात दार उघडल्यावर एका गावात सलग तीन वर्षं गारा पडल्या, फुलोरा गेला. कुणी म्हणालं, बाराचा सोहळाच खालच्या मैदानात घ्या. त्यावर सगळे उसळले; महाराजांचा खांद्यावरून न्यायचा रथ याच दारातून बाहेर येतो, खिडकीतून काढायचा का?

मग जियालाल उठला. "मी उघडतो दार. किल्ली माझ्याकडे आहे. परतल्यावर महाराजांनी विचारलं तर दोष माझा. बाकी कुणाचं नाव येणार नाही."

"लाकूड?" लछीरामनं विचारलं.

"सात वर्षं वाळवतोय. वादळात पडलेला देवदार, जंगलखात्यानं देवळाला दिलेला. तूच तर निवडलेस ओंडके."

"लोकांना कळावं म्हणून विचारलं," लछीराम म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

मी उभा राहिलो. खात्याकडून गुन्हा दाखल झाला तर तो माझ्या नावानं व्हावा, लेखी देतो, असं म्हणालो. जोत्याचं सिमेंट माझ्या पत्रामुळे भरलं गेलं, हेही सांगितलं. बहुतेकांना ते ठाऊक होतं असं दिसलं. नेगींचा म्हातारा म्हणाला, "पत्रकारजी, फीत कापली तेव्हा लाडू आम्हीही खाल्ले होते."

परतताना जियालालबरोबर चालत आलो. त्याच्या ओंडक्यांबद्दल मी काय समजलो होतो ते बोललो.

"माहीत आहे," तो म्हणाला. "ताईनं सांगितलं होतं."

"मग तू काही म्हणाला नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, जिजाजी. आणि नवं देऊळ मला हवं होतंच. तुमचं अगदीच चुकलं असं नाही."

७ फेब्रुवारी

मॅडमना लेखी निरोप पाठवला: उद्यापासून काम सुरू. निर्णय माझा. माझी सही असलेलं पत्र टपालानं येत आहे.

उत्तर लगेच आलं: 'कृपया थांबा.'

दहा मिनिटांनी दुसरं: 'काढलेलं लाकूड फेकू नका. प्रत्येक दगडावर आकडा घाला आणि मगच हलवा. प्रत्येक पायरीचे फोटो.'

पहिल्याचं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यासाठी दुकानातून खडूंचा डबा आणला.

८ फेब्रुवारी

जियालालनं सकाळी आठला दार उघडलं. दार अडकलं होतं, खांदा लावावा लागला. चामड्याचे पट्टे बाहेर काढून सहा जण अनवाणी आत गेलो. फरशी इतकी थंड की पाय आपले आहेत असं वाटेना. रथ पांढऱ्या कापडाखाली होता. जियालालनं त्याला हात जोडले आणि म्हणाला, "घर पडायला आलंय महाराज, म्हणून." एवढंच.

मी दिवसभर जोत्याचं सिमेंट छिन्नीनं काढलं. लछीराम म्हणाला होता, हे काम पत्रकारजींनाच द्या. टोमणा होता की कृपा, ठरवता आलं नाही. दोन्ही तळहात फुटले आहेत. सिमेंटमागे तुळईचा बाहेरचा भाग बोटानं उकरता येत होता. कडेचं हातभर लाकूड मात्र पिवळं, कडक, रेझिनचा वास असलेलं. तीनशे वर्षांचं. जिथं सिमेंट पोचलं नव्हतं, तिथलं.

एकेचाळीस दगडांवर आकडे घातले.

९ फेब्रुवारी

सफरचंदाच्या ट्रकचे तीन जॅक. धनसुख स्वतःचा घेऊन आला. "आज सफरचंदवाला म्हणून आलोय," असं दारातच जाहीर केलं.

दुपारी बारापर्यंत कोपरा एक बोट उचलला. लछीराम आत, तुळईच्या पोकळीत छातीपर्यंत शिरलेला. बाहेर आम्ही चौघं जॅकवर. तो आतून सांगायचा, "अर्धा फेरा. थांबा. ऐकू द्या." मग भिंतीला कान लावून ऐकायचा. लाकडावर वजन चढलं की ते बोलतं, आणि बोलायचं थांबलं की भ्यायचं, असं त्याचं म्हणणं.

साडेबाराला मधला जॅक बर्फावरून सरकला. फार नाही, वीतभर. वरच्या सगळ्या मनोऱ्यातून एक आवाज खाली आला. दोन दगड निसटून आत पडले. धनसुख आणि मी बाकीच्या दोन जॅकना नुसते धरून राहिलो, धरण्यानं काही होत नाही हे माहीत असूनही.

जियालाल दारातून आत पळाला. मी हाक मारली, "लछीराम."

उत्तर नाही.

पुन्हा मारली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. धनसुख नंतर म्हणाला, दहा आकडे मोजण्याइतका. मला तो त्याहून कितीतरी मोठा वाटला. त्या वेळात मनात काय आलं ते खरं लिहायचं तर, मनोऱ्याबद्दल काही आलं नाही. सात लेख, फलक, यादी, काही नाही.

मग आतून लछीरामचा आवाज आला. "मी ऐकतोय. तुम्ही ओरडलात तर लाकडाचं कसं ऐकू येणार?"

जियालालनं बाहेर येऊन सांगितलं की एक दगड लछीरामच्या पोटरीला घासून गेला आहे, रक्त आहे, पण तो बाहेर यायला तयार नाही. "म्हणतो, आता बाहेर आलो तर परत आत यायची हिंमत होणार नाही. बिडी मागतोय."

देवळात बिडी चालत नाही. ती त्याला चार वाजता, नवी तुळई बसल्यावर, अक्रोडाखाली दिली. पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या. आम्ही सगळे दुसरीकडे बघत राहिलो.

१० फेब्रुवारी

एकेचाळीस दगड आकड्यांप्रमाणे परत रचले. फटी उघड्या ठेवल्या. जॅक काढले. जियालालनं दार ओढून घेतलं. या वेळी खांदा लावावा लागला नाही.

नवी तुळई लांबूनही उठून दिसते, लोण्याच्या रंगाची. जियालाल म्हणाला, काजळी आणि अक्रोडाच्या सालीचं पाणी फासलं की तासात जुनी दिसेल, मॅडमना काय कळणार. मी नको म्हटलं. त्यानं वाद घातला नाही. लछीरामनं मात्र घातला, लाकूड उघडं दिसणं त्याला आवडत नाही. शेवटी म्हणाला, "बरं. दहा वर्षांत आपोआप काळं होईल. तोवर लोकांना विचारू द्या, हे कुणी बसवलं."

११ फेब्रुवारी

ओळंबा काल संध्याकाळी जिथं होता तिथंच आहे. लछीराम, सकाळी नऊ आणि दुपारी तीन.

रस्ता उघडला. ब्रागटा मॅडम उद्या अकरापर्यंत पोचतील, सोबत खात्याचे आणखी एक जण आहेत. जबाब घेणार आहेत. पत्राची प्रत, फोटो, खडूचे आकडे आणि कुजलेली तुळई पोत्यावर मांडून ठेवली आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्राची कार्बन प्रतही त्यातच ठेवली. ती कुणी मागितलेली नाही.

त्याआधी दहाला दार उघडेल, ढोल सुरू होतील आणि धनसुखच्या अंगात महाराज येऊन तो खेळायला लागेल. उद्या तो सफरचंदवाला नसेल. माझं घर कुणी उघडलं, हा महाराजांचा पहिला सवाल असेल, याबद्दल गावात दुमत नाही. जियालाल पुढे होईल. मीही होणार आहे. त्याला सांगितलेलं नाही. उत्तर काय मिळेल ते धनसुखलाही माहीत नाही. दुपारी वाटेत भेटला, तर नमस्कार करून पटकन वळला.

एक गोष्ट लछीरामनं आज आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितली. नवं लाकूड अजून पुरतं दबलेलं नाही. ढोलांच्या आणि नाचाच्या धक्क्यानं उद्या कोपरा अर्धं बोट बसेल, आणि बसताना मोठा आवाज होईल. ते चांगलं आहे, तसंच व्हायला हवं. पण चारशे माणसांना ते माहीत नाही. त्यांनी आवाज ऐकला आणि ती त्या अरुंद पायऱ्यांकडे पळाली, तर तुळई न पडताही माणसं जातील.

आधी जाहीर करून ठेवू, असं मी म्हटलं. जियालाल म्हणाला, जाहीर करूच, पण ढोलात आणि घाईत ऐकतं कोण. लोक डोळ्यांनी बघतात, कोण पळतंय आणि कोण उभं आहे.

म्हणून काटक्यांचा ढीग आज उचलला. उद्या नाच सुरू झाल्यापासून तो आवाज होईपर्यंत लछीराम, जियालाल आणि मी ईशान्येच्या कोपऱ्याखाली, भिंतीला पाठ लावून उभे राहणार आहोत. सत्याला सांगितलं. तिनं विचारलं, लछीरामला खात्री आहे का. म्हटलं, आहे. मग म्हणाली, माझ्यासाठीही जागा ठेवा.